दांडा तिथंच, मतदारसंघ फिरता

निघण्याआधी खिसे रिकामे करा. मोबाईल ठेवा आणि मतदार ओळखपत्रही घरीच राहू द्या. 1952 सालचा मतदान अधिकारी ते कार्ड उलटंसुलटं करून पाहील आणि तुम्हालाच संशयाने विचारील, हे काय? फोटोचं ओळखपत्र आलं नव्वदीत, शेषनसाहेबांच्या काळात. आपण जातोय तिथे ओळख म्हणजे यादीतलं नाव, आणि गावातल्या चौघांनी ‘हो, हा आमचाच’ म्हणून डोलावलेली मान. वय मात्र तपासून घ्या. तुम्ही एकोणीस वर्षांचे असाल तर नुसतं बघायला या. मतदानाचं वय 21 आहे आणि 1989 पर्यंत ते तेवढंच राहणार आहे.

उभं राहायची जागा एकच, खारदांड्याचं बंदर. साल बदलेल तशी भोवतालची घरं उंच होतील, होड्यांना इंजिनं बसतील, वाळू कमी होईल. पण तुम्ही इथून फार तर हाकेच्या अंतरावर जाल. फिरणार आहे तो मतदारसंघ. गाव न हलता त्याचा दिल्लीतला पत्ता तीन वेळा बदलला, आणि प्रत्येक वेळी तो बदलणाऱ्याच्या हातात नकाशा होता, जाळं नव्हतं.

जानेवारी 1952.

आधी येतो तो वास, मग गाव दिसतं. थंडीचे दिवस, बोंबील सुकवायचा हंगाम. बांबूंच्या मांडवांवर दोऱ्या ताणल्यात आणि त्यांवर बोंबील जोडीजोडीने टांगलेत: एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. गाठ नाही, खिळा नाही. हे काम बायकांचं, आणि हात इतके सराईत की बोलणं थांबत नाही, बोंबील टांगणंही थांबत नाही. मांडवांच्या मागे कौलारू घरं, माड, आणि पूर्वेला स्टेशनच्या दिशेने खारचे बंगले. त्या बंगल्यांच्या रस्त्यांना नावांआधी नंबर मिळाले, कारण ते उपनगर विसाच्या दशकात कागदावर आखून मग जमिनीवर उतरवलं गेलं. खार स्टेशन 1924 चं. दांड्याचा जन्म कुठल्या कागदावर सापडायचा नाही.

इथून कुणी क्रॉफर्ड मार्केटला निघालं की ‘मुंबईला जातो’ म्हणतं. माहीमची खाडी ओलांडली की मुंबई लागते, अलीकडे वांदरं. महापालिकेने 1950 मध्ये खाडीच्या अलीकडची गावं आपल्या हद्दीत घेतली, पण लोकसभेच्या नकाशावर खाडी अजून शाबूत आहे. पलीकडे ‘मुंबई शहर दक्षिण’ आणि ‘मुंबई शहर उत्तर’. अलीकडच्या सगळ्या पसाऱ्याला एकच नाव, ‘मुंबई उपनगर’. दांडा त्यात.

शाळेच्या खोलीत मतदान चाललंय. रांगेत उभे राहा, पण बायकांची रांग वेगळी आहे, चुकू नका. बोटाला शाई लागते आणि हातात कागद पडतो. त्यावर उमेदवाराचं नाव शोधत बसाल तर वेळ जाईल, नाव नाहीच. नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला, एक रुपयाच्या नोटेएवढा हा कागद कोराच टाकायचा असतो. पडद्याआड गेलात की ओळीने पेट्या मांडलेल्या दिसतात, प्रत्येक उमेदवाराची वेगळी, प्रत्येकीवर त्याचं चिन्ह: बैलजोडी, झाड, झोपडी. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद सारायचा, झालं. शिक्का नाही, फुली नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या देशासाठी शोधलेली ही पद्धत. पण पडद्याआड नोटेएवढा कागद आणि एकटा माणूस म्हटल्यावर तो कागद पेटीत पडला की कनवटीला गेला, हे अधिकाऱ्याला कसं कळावं? पुढे ही पद्धत सोडली ती अशाच धाकधुकीमुळे.

पेटीवर हात फिरवून बघा. पोलादी, हिरवट, आणि कुलूप बाहेर नाही, आतल्या आत. यातल्या पुष्कळशा पेट्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात झाल्या, चारेक महिन्यांत 12 लाख 83 हजार. बाहेरचं कुलूप लावलं तर ठरलेल्या किमतीत पेटी बसेना, तेव्हा आतल्या कुलपाची युक्ती तिथल्या नाथालाल पांचाळ या कामगाराने काढली. सबंध देशाचं मत ज्या पेट्यांत पडलं त्यातल्या पुष्कळशा या उपनगरातच घडल्या. या योगायोगाचं त्या वेळी कुणाला कौतुक वाटल्याचं दिसत नाही, मला मात्र वाटतं.

निवडून येतात जयश्री रायजी, काँग्रेसच्या. बडोद्याचे दिवाण सर मनुभाई मेहता यांची कन्या, मुंबईतल्या महिला संघटनांतून वर आलेल्या. म्हणजे दांड्याचा दिल्लीतला पहिला प्रतिनिधी बाई होती. कोळणींच्या गावाला यात विशेष काही वाटलं नसावं. इथे पैशाची पिशवी बाईच्याच कमरेला असते.

खाडीपलीकडच्या ‘शहर उत्तर’मध्ये त्याच निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले, नारायण काजरोळकरांकडून, साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी. घटना ज्यांनी लिहिली त्यांना त्या घटनेखालच्या पहिल्याच निवडणुकीत लोकसभेत जाता आलं नाही. मतदारसंघाचं ते नाव लक्षात ठेवा. पाच वर्षांत ते खाडी ओलांडून इकडे येणार आहे.

संध्याकाळी बंदरावर रेंगाळू नका. कुणी जवळ येऊन हलक्या आवाजात काही विचारलं तर ‘नको’ म्हणा. राज्यात दारूबंदी आहे, आणि हवालदाराला तुम्ही एकविसाव्या शतकातून आलात हे पटवणं अवघड जाईल.

1957, फाल्गुनातले दिवस.

वारा फिरलाय. भिंतींवर चुना आणि गेरू, आणि सगळीकडे एकच विषय: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालून गेल्यात, शंभरावर माणसं गेलीत, आणि नोव्हेंबरपासून मुंबई द्वैभाषिकाच्या एकाच मोठ्या राज्यात कोंबलेली आहे. खिशात अजून आणे आहेत. नवे पैसे 1 एप्रिलपासून येणार. ‘मुंबई उपनगर’ हा मतदारसंघ मात्र खलास. वांद्र्यापासून उत्तरेला आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या भागाला आता ‘मुंबई शहर उत्तर’ म्हणायचं. कागदोपत्री दांडा शहरात आला. दांड्याचा माणूस अजून ‘मुंबईला जातो’ असंच म्हणतो.

गिरणगावात जाल तर संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट अंगावर येईल. ‘शहर मध्य’मधून डांगे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे गो. का. माने दोघेही निवडून येणार आहेत. इथे उत्तरेला काँग्रेसने उभा केलाय एक मल्याळी: वेंगलील कृष्णन कृष्ण मेनन, कोळिकोडचे, आयुष्याची उमेदीची वर्षं लंडनमध्ये घालवलेले. मराठीचा गंध नाही, हिंदीही यथातथाच. त्यांच्यासमोर प्रजा समाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस. मूळचे गोव्याचे, गोवामुक्तीच्या सत्याग्रहांत पुढे असलेले. त्यांचा पक्ष समितीत. वांदरं-खारच्या गावठाणांत घरटी एक तरी क्रूस, गोव्याशी नाती, वर समितीची हवा. हिशेब कुणीही करावा आणि अल्वारिस येतील म्हणावं.

तो हिशेब चुकला. जानेवारीत न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत मेनन काश्मीरवर जवळपास आठ तास बोलले होते, दोन दिवसांत मिळून, आणि बोलून कोसळले होते. भाषण फार थोड्यांनी वाचलं असेल, कोसळलेला माणूस सगळ्यांना कळला. चेंबूर-मुलुंडच्या सिंधी-पंजाबी निर्वासितांना, माटुंग्याहून उत्तरेला सरकलेल्या दक्षिणी कारकुनांना, पार्ल्याच्या गुजराती दुकानदारांना समितीचं प्रेम असायचं कारणही नव्हतं. मेनन सत्तेचाळीस हजारांच्या फरकाने आले आणि महिन्याभरात संरक्षणमंत्री झाले. अल्वारिस पुढे गोवा मुक्त झाल्यावर तिथूनच लोकसभेत गेले. त्यांच्या बाबतीत न्याय झाला म्हणायचा, जरा फिरून.

आता थोडं थांबा, कारण पुढचा मुक्काम मोठा आहे.

फेब्रुवारी 1962.

महाराष्ट्र झालाय. गोवाही आपला झालाय, दोनच महिन्यांपूर्वी, 19 डिसेंबरला. बंदरावर तुम्ही पोहोचता तेव्हा भोंगा लावलेली एक जीप चिंचोळ्या रस्त्यात अडकलीय, कारण समोरून माशांच्या पाट्या घेतलेल्या बायका येतायत आणि त्या बाजूला होणार नाहीत. (मेनन यांच्या बाबतीत ‘जीप’ हा शब्द जपून वापरावा. लंडनला उच्चायुक्त असताना 1948 मध्ये त्यांनी लष्करासाठी जीपगाड्या मागवल्या त्या व्यवहाराचं भूत अजून विरोधकांच्या भाषणांत नाचतंय.) शेवटी जीपच मागे घ्यावी लागते. ड्रायव्हर शिव्या देतो, त्याला त्याहून दणकट परत मिळतात, आणि भोंग्यातून ‘बैलजोडी’ हा शब्द समुद्राकडे तोंड करून ऐकू येत राहतो.

या वेळी ‘शहर उत्तर’ हा देशातला सगळ्यात गाजलेला मतदारसंघ आहे. देशातलाच कशाला, अमेरिकेच्या ‘टाइम’ने महिन्याच्या सुरुवातीला मेनन यांना मुखपृष्ठावर घातलंय, आणि ते कौतुकाने नव्हे. वॉशिंग्टनला ते कम्युनिस्टांचे मित्र वाटतात, गोव्यात फौज घातल्यापासून तर फारच. समोर आचार्य कृपलानी. त्र्याहत्तर वर्षांचे, गांधीजींचे चंपारणपासूनचे सोबती, स्वातंत्र्य मिळालं तेव्हाचे काँग्रेसचे अध्यक्ष. बिहारमधली सीतामढीची आपली जागा सोडून ते इथे आलेत ते एकाच कामासाठी, मेनन यांना पाडायला. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये लोकसभेत त्यांनी संरक्षण खात्याचे वाभाडे काढले होते: सैन्यात गट पाडले, मनोबल खचवलं, चीन हद्दीत घुसत असताना मंत्री झोपले. त्यांच्यामागे प्रजा समाजवादी आहेत, जनसंघ आहे, स्वतंत्र पक्ष आहे. गंमत अशी की त्यांच्या पत्नी सुचेता कृपलानी याच वेळी उत्तर प्रदेशात काँग्रेसच्या मंत्री आहेत. जेवणाच्या टेबलावर हा विषय निघत नसावा.

पाट्या रित्या करून बसलेल्या एका कोळणीला तुम्ही विचारता, मत कुणाला? ती तुम्हाला आपादमस्तक न्याहाळते. तुमच्या पायातले बूट तिला खटकलेत.

“दादा, तुमी पेपरवाले काय?”

नाही, असंच.

“मंग कशाला इचारता? मेनन कोन नि तो दुसरा कोन, आमाला दोगं बी सारके. नेहरूंचा मानूस म्हनतात ना, झालं.”

हे ‘नेहरूंचा माणूस’ फुकट मिळालेलं नाही. मेनन हरले तर तो माझ्या धोरणांचा पराभव, असं नेहरूंनी उघड बोलून दाखवलंय, आणि त्यांच्याच सांगण्यावरून दिलीपकुमार सभांमधून बोलतायत. ख्वाजा अहमद अब्बास, बलराज साहनी ही जुहूची मंडळी जीव तोडून फिरतायत. पडद्यावरची माणसं निवडणुकीत ओट्या-ओट्यावर जाण्याची मुंबईतली रीत इथे सुरू झाली म्हणायला हरकत नाही. पाली हिलवरून दांडा दिसतो, दांड्यातून पाली हिल दिसते. एरवी दोघांची गाठ बाजाराच्या दिवशी, पापलेटाच्या भावावरून पडते.

संध्याकाळी सभेला जा. कोपऱ्यात उभे राहा. मेनन बोलतात इंग्रजीत: उंच, काठी टेकत, नाक धारदार, आवाज तिरकस, एकेक वाक्य असं की समोरच्याला आपण मूर्ख आहोत की काय वाटावं. मागची अर्धी गर्दी नट बघायला आलेली. तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्याला एक शब्द कळलेला नाही, पण तो पक्का बसलाय. काश्मीर, गोवा, चीन, अलिप्तता, अमेरिकेची शस्त्रं. सभा संपते. धक्का, बंदरातला गाळ, वादळात फुटलेल्या होड्या, गावाच्या तोंडाशी दिवसातून काही वेळ येणारं पाणी, यांचा उल्लेख नाही. कृपलानींच्या सभेतही नसतो. मला राग येतो तो याचा. एवढा मोठा उमेदवार मिळाला की गावाला मान मिळतो आणि गावाचा विषय बुडतो. जगभरचे वार्ताहर ‘उत्तर मुंबई’ असं लिहीत होते. पण ही उत्तर मुंबई म्हणजे नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाचा पत्ता होता. तिथे माणसं राहतात आणि ती मासे पकडतात हा तपशील झाला.

मतदानाच्या दिवशी पेट्यांची ती जुनी रांग दिसत नाही. आता एकच पेटी, आणि कागदावर सगळ्यांची नावं नि चिन्हं छापलेली. रबरी शिक्का उचला, दाबा, फुली उमटते. कागद दुमडताना शाई पलीकडे उठली तर मत बाद व्हायचं. म्हणून कार्यकर्ते गेले पंधरा दिवस घडी घालायची तालीम घेतायत, उभी, आडवी नव्हे. बोंबील टांगणाऱ्या हातांना ती शिकवावी लागत नाही.

मेनन यांना 2 लाख 97 हजारांच्या आसपास मतं, कृपलानींना दीड लाख. जवळपास दुप्पट.

आता तुमची परीक्षा. तुम्हाला पुढचं माहीत आहे. गुलाल उडतोय, आणि आठ महिन्यांनी 20 ऑक्टोबरला चिनी फौजा उतरणार आहेत. कृपलानी जे सांगत होते त्यातलं बरंचसं खरं ठरणार आहे. ऑक्टोबर संपता संपता मेनन यांचं संरक्षण खातं जाईल, आठवड्याने मंत्रिपदही. सांगाल इथे कुणाला? सांगून बघा. त्या कोळणीला सांगा. ती म्हणेल, मग भोंग्यावर का नाही बोललात? दांड्याने मेननना मत दिलं ते चीनबद्दल मत बनवून नव्हे, आणि हरवलं असतं तर तेही चीनमुळे नव्हे. निवडणुकीचा अर्थ दिल्लीत लावतात, मतदारसंघात फक्त मतं मोजतात.

1967 ला जास्त थांबायची गरज नाही, कारण ‘शहर उत्तर’ हे नाव या वेळी नकाशातून पुसलं गेलंय. रेल्वेच्या दोन फाट्यांप्रमाणे त्याचेही तुकडे पडले: पश्चिमेला ‘वायव्य मुंबई’, पूर्वेला ‘ईशान्य मुंबई’. दांडा वायव्येत. खासदार शांतिलाल शहा. इथे शांतता आहे, धुमाळी पूर्वेला आहे. मेनन यांना काँग्रेसने तिकीट नाकारलं, बाहेरचे म्हणून. जिथून ते दोनदा निवडून आले तिथेच ते अचानक बाहेरचे झाले. आदल्या जूनमध्ये शिवसेना निघालीय आणि तिचा रोख दाक्षिणात्यांवर आहे. मेनन अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्व्यांकडून हरले. बर्वे म्हणजे पानशेतच्या पुरानंतर पुणं सावरणारे आय.सी.एस. अधिकारी. निकाल लागून पंधरा दिवस झाले नाहीत तोच बर्वे गेले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या आणि मेनन पुन्हा हरले. कुर्ल्याच्या बाजूला बर्व्यांच्या नावाचा रस्ता आहे. मेनन पुढे बंगालमधून, मग केरळातून लोकसभेत गेले, मुंबईत परत आले नाहीत.

मार्च 1977.

या मुक्कामाला बोलताना आवाज जरा खाली ठेवा. आणीबाणी शिथिल झालीय, उठलेली नाही, आणि लोकांना अजून आजूबाजूला बघून बोलायची सवय आहे. वायव्य मुंबईचे खासदार हरिभाऊ गोखले. नुसते खासदार नाहीत, देशाचे कायदामंत्री. घटनेची बेचाळिसावी दुरुस्ती संसदेत मांडणारे. त्यांच्यासमोर कोण? वकीलच: राम जेठमलानी. आणीबाणीवर केलेल्या भाषणांमुळे केरळातून त्यांच्यावर वॉरंट निघालं तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात नानी पालखीवालांसह तीनशेवर वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले. वॉरंटला मिळालेली स्थगिती टिकणार नाही असं दिसल्यावर जेठमलानी परदेशी निघून गेले आणि अर्ज भरला गेला तो ते कॅनडात असताना.

म्हणजे दांड्यातल्या मतपत्रिकेवर या वेळी एक मराठी आणि एक सिंधी असे दोन वकील, एक घटना दुरुस्त करणारा, एक तिच्यासाठी देश सोडलेला. गाय-वासरू विरुद्ध चक्रातला नांगरधारी. गोखले पडले. दांड्यातल्या तरुणांनी त्या रात्री कसा जल्लोष केला असेल याची कल्पना करायला मुंबईच्या कुठल्याही 1977 च्या रात्रीची आठवण पुरे. जेठमलानी 1980 मध्येही टिकले, इंदिराबाईंची लाट अंगावर घेऊन.

मग डिसेंबर 1984, आणि पाली हिल उतरून खाली येते. इंदिराबाईंची हत्या झालीय, सहानुभूतीची लाट आहे, आणि काँग्रेसने शेजारच्याच टेकडीवरच्या सुनील दत्तांना उभं केलंय. जेठमलानी हरतात. बावीस वर्षांपूर्वी नट उमेदवारासाठी मतं मागत होते, आता नटच उमेदवार. फरक असा की हा उमेदवार चालत येतो. दत्तांनी 1987 मध्ये पंजाबसाठी मुंबई ते अमृतसर पदयात्रा काढली, दोन हजार किलोमीटरची. दांड्याचं अंतर त्यांच्या घरापासून जेमतेम किलोमीटरभर. ते आले की रस्त्यात उभे राहून बोलायचे, हे लोक अजून सांगतात. 1984, 1989, 1991, 1999, 2004 असे पाच वेळा ते वायव्येतून गेले. मध्ये 1996 आणि 1998 ला मधुकर सरपोतदार, शिवसेनेचे. जुन्या ‘शहर उत्तर’च्या मानाने आता भांडणं घरातली होती: दंगली, झोपड्या, पुनर्वसन, पाणी. खासदाराच्या दारात जाऊन बसता येत होतं. 25 मे 2005 ला दत्त राहत्या घरी गेले. पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्या प्रिया दत्त निवडून आल्या.

याच वर्षांत न्या. कुलदीप सिंग यांचा परिसीमन आयोग बसलाय. त्यांच्यापुढे 2001 च्या जनगणनेचे आकडे आहेत. कागदावर उपनगरं फुगलीत, म्हणून रेषा उत्तरेकडे सरकते. ‘वायव्य’ जोगेश्वरी, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा, अंधेरीकडे जाते आणि वांदरं-खार, पर्यायाने दांडा, ‘उत्तर मध्य’ मध्ये येतो, कुर्ला, चांदिवली, कलिना आणि पार्ल्याबरोबर. 2009 ला प्रिया दत्तही ‘उत्तर मध्य’मधून उभ्या राहतात. चेहरा तोच, मतदारसंघ दुसरा. दांड्यातल्या कित्येकांना नाव बदलल्याचं मतदानाच्या चिठ्ठीवरूनच कळलं असावं.

बंदरावरून पुन्हा समुद्राकडे बघा. दक्षिणेला त्याच 2009 साली वांद्रे-वरळी सागरी सेतू सुरू झालाय. पुढच्या दशकात वांद्रे ते वर्सोवा दुसरा सेतू उभा राहायला लागेल. बार्ज, क्रेन, पाण्यात खांब, आणि दांड्याचे मच्छीमार निवेदनं घेऊन या कार्यालयातून त्या कार्यालयात. डोलजाळं ठरलेल्या जागी, ठरलेल्या प्रवाहात लावायचं असतं. तिथेच खांब आला की जाळं हलवायचं कुठे? किनाऱ्याच्या नियमांत, कोळीवाड्यांच्या सीमांकनात, नुकसानभरपाईच्या यादीत दांडा अजून अडकून आहे. मतदारसंघाची हद्द भरतीच्या रेषेपाशी थांबते. दांड्याचं निम्मं कामकाज तिच्या पलीकडे चालतं. तिथे खासदार कुणाचा, हा प्रश्न आयोगासमोर कुणी मांडला असेल असं वाटत नाही.

शेवटचा मुक्काम 20 मे 2024. आता ओळखपत्र काढा, लागेल. शाळेची खोली, पंखा, रांगेत कपाळावर घाम, बटण दाबल्यावर लांबलचक ‘बीप’, शेजारच्या काचेत सात सेकंद दिसणारी चिठ्ठी. उत्तर मध्य मुंबईत काँग्रेसच्या वर्षा गायकवाड आणि भाजपचे उज्ज्वल निकम. निकाल 4 जूनला: गायकवाड साडेसोळा हजारांनी. मेनन यांनी एकट्याने पेललेला तो जुना पट्टा आता चार खासदारांत वाटला गेलाय: उत्तरेत पीयूष गोयल, ईशान्येत संजय दिना पाटील, उत्तर मध्यला गायकवाड.

चौथी जागा वायव्य, जिच्यात दांड्याने 1967 पासून 2004 पर्यंतच्या साऱ्या सार्वत्रिक निवडणुका काढल्या. त्या जागेची मोजणी सुरूच राहिली. आघाडी इकडून तिकडे गेली, फेरमोजणी झाली, आणि अखेर रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांच्या पुढे निघाले 48 मतांनी. बंदराकडे जाणाऱ्या एका गल्लीत त्याहून जास्त मतदार राहतात. त्यांची मतं त्या दिवशी वेगळ्या यंत्रांत, वेगळ्या टेबलावर, वेगळ्या मतदारसंघाच्या नावाने मोजली जात होती.